चर्च बिघडलं, म्हणजे खोटं ठरलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या मंडळीत पैशांचा घोटाळा उघडकीला आला. त्यानंतर एका गटाने तुम्हाला गाठून सांगितलं की खरं चर्च प्रेषितांबरोबरच संपलं, पुढची सगळी शतकं म्हणजे नुसता धर्मत्याग. उलट तुमचा एक मित्र छातीठोकपणे म्हणतो की चर्च कधी चुकलंच नाही, चुकली ती माणसं. अधोलोकाच्या द्वारांचं मंडळीपुढे काही चालणार नाही, हे मत्तय १६:१८ मधलं वचन दोघेही पुढे करतात. एक म्हणतो, म्हणूनच आमचा गट उभा राहिला. दुसरा म्हणतो, म्हणूनच चर्च निर्दोष. यात खरं काय मानायचं?

मी बरीच वर्षं चर्चचा इतिहास शिकवतोय, मुख्यतः पाळक होऊ घातलेल्या मुलामुलींना. परंपरेने प्रोटेस्टंट आहे. हे आधीच सांगतो, कारण या प्रश्नाचं उत्तर थोडंफार कोण देतंय यावर अवलंबून असतं. कॅथलिक माणसासाठी चर्च म्हणजे पेत्राच्या वारसाशी, म्हणजे पोपशी जोडलेला, डोळ्यांना दिसणारा समाज. ऑर्थोडॉक्स माणूस सार्वत्रिक परिषदांकडे आणि उपासनेच्या अखंड परंपरेकडे बोट दाखवील. आमच्याकडचे लोक १५३० च्या ऑग्सबर्ग मतांगीकाराची (लूथरच्या अनुयायांनी मांडलेल्या विश्वासाच्या निवेदनाची) भाषा बोलतात: जिथे सुवार्ता शुद्ध सांगितली जाते आणि संस्कार योग्य रीतीने दिले जातात, तिथे चर्च. मापं वेगळी, म्हणून निकालही वेगळे. तरी काही घटना अशा आहेत की त्या तिघांनाही नाकारता येत नाहीत, आणि माझा भर त्यांच्यावर आहे.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. चर्चची माणसं, विशेषतः पुढारी, नीट वागली का? प्रेषितांची शिकवण टिकली का? आणि संस्था एकसंध राहिली का? तिसऱ्याचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे, त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. ४५१ च्या खाल्किदोन परिषदेनंतर कॉप्टिक आणि सिरियाक मंडळ्या वेगळ्या झाल्या, १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांचं फाटलं, सोळाव्या शतकात पश्चिमेचेच तुकडे झाले. राहिले पहिले दोन. गंमत अशी की तुम्हाला भेटलेला गट आणि तुमचा मित्र, दोघेही या दोन प्रश्नांची गल्लत करतात, फक्त उलट बाजूंनी.

आधी गटाचं म्हणणं घेऊ. त्यांना वाटतं की सुरुवातीला एक निर्मळ काळ होता आणि मग तो नासला. नवा करार उघडला की हा समज टिकत नाही. करिंथच्या मंडळीत एक जण बापाच्या बायकोबरोबर राहतो आणि मंडळी त्याचा तोरा मिरवते. त्याच मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी कोणी उपाशी राहतो, तर कोणी पिऊन तर्र होतो. अंत्युखियात खुद्द पेत्र लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांबरोबर जेवणं सोडतो, बर्णबाही त्याच्यामागे वाहवतो, आणि पौल सगळ्यांदेखत त्याला फैलावर घेतो. प्रकटीकरणात सार्दीसच्या मंडळीला ऐकावं लागतं की तू जिवंत म्हणवतेस, पण मेलेली आहेस. नव्या करारातली निम्मी पत्रं म्हणजे बिघडलेल्या मंडळ्यांना लिहिलेली कानउघाडणी आहे. तेव्हा घाण दिसली म्हणजे चर्च संपलं, असा नियम लावला तर ते पहिल्या शतकातच, प्रेषित हयात असताना संपलं. हा नियम कोणालाच परवडणारा नाही.

पण गटाच्या म्हणण्यात एक गंभीर प्रश्न दडला आहे. पुढारीच फितूर निघाला तर त्याच्या हातून मिळालेलं सगळं बाद होतं का? हा प्रश्न तुमच्या-माझ्या आधी उत्तर आफ्रिकेत विचारला गेला. वर्गात मी तो शिकवताना कुठल्याही ईशशास्त्राच्या पुस्तकाआधी एक सरकारी पंचनामा वाचून दाखवतो.

तारीख १९ मे ३०३. सम्राट डायोक्लेशियनचा हुकूम निघाला आहे की ख्रिस्ती लोकांचे ग्रंथ जप्त करून जाळा. किर्ता शहरात, म्हणजे आजच्या अल्जेरियातल्या कॉन्स्टँटाइनमध्ये, नगराचा कारभारी मुनातियुस फेलिक्स ख्रिस्ती लोक जमतात त्या घरी येऊन थडकतो. बिशप पौलुस म्हणतो, ग्रंथ वाचकांकडे (उपासनेत शास्त्र वाचणाऱ्यांकडे) असतात, इथे जे आहे ते आम्ही देतो. मग कारकून यादी करू लागतो: सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा प्याले, दिवे, समया, बायकांचे ८२ अंगरखे, बायकांच्या पायताणांचे ४७ जोड. (गोरगरिबांना वाटायचे कपडे असणार. छळाच्या काळातल्या चर्चच्या कोठीत काय असतं, याचं याहून बोलकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.) ग्रंथांच्या खोलीतली कपाटं रिकामी निघतात. सिल्वानुस नावाचा उपसेवक (मंडळीतला कनिष्ठ सेवक) आणि त्याचा एक सोबती चांदीची पेटी आणि चांदीचा दिवा आणून देतात आणि म्हणतात, हे रांजणामागे सापडलं. एक मोठा ग्रंथ हाती लागतो. बाकीचे कुठे, वाचकांची नावं सांगा, असं दरडावल्यावर दोन उपसेवक म्हणतात: आम्ही फितूर नाही, हे उभे आहोत, मारून टाका. त्यांना अटक होते. नावं मात्र इतरांकडून मिळतात, आणि फेलिक्स दारोदार फिरतो. कोणी चार ग्रंथ देतो, कोणी पाच, कोणी आठ. एका घरी नवरा नसतो, तर बायको सहा आणून ठेवते.

छळ थांबल्यावर वाद पेटला. ज्यांनी ग्रंथ देऊन टाकले, ते बिशप कसले? त्यांनी दिलेली दीक्षा चालते का, त्यांनी केलेला बाप्तिस्मा लागू पडतो का? कार्थेजचा नवा बिशप केसिलियन याला दीक्षा देणाऱ्यांत असा एक फितूर होता, असा आरोप झाला. चौकशीत तो आरोप टिकला नाही, पण तोवर विरोधकांनी दुसरा बिशप निवडला होता. यातून डोनाटिस्ट पंथ उभा राहिला: आम्ही शुद्ध, तुम्ही फितुरांची अवलाद. ३२० मध्ये नुमिडियाच्या राज्यपालापुढे एक खटला चालला आणि त्यात किर्ताचा तो जुना पंचनामा पुरावा म्हणून वाचला गेला. रांजणामागून चांदीचा दिवा काढून देणारा सिल्वानुस तोवर किर्ताचा बिशप झाला होता. डोनाटिस्टांचा बिशप! केसिलियनविरुद्धच्या निवडणुकीच्या वेळी लुसिल्ला नावाच्या धनाढ्य बाईने ४०० फोलिस (त्या काळचं चलन) वाटले आणि ते बिशपांनी आपसांत वाटून घेतले, हेही त्याच खटल्यात बाहेर आलं.

शुद्धांचं चर्च काढायला निघालेल्यांच्या पायातच फितूर निघाला. हे मी डोनाटिस्टांची खिल्ली उडवायला सांगत नाही. त्यांच्यात प्राण देणारी माणसंही होती. सांगतो ते यासाठी की पुढाऱ्याच्या चारित्र्यावर चर्चचं खरंखोटं ठरवायचं म्हटलं, तर कुणालाच कधीच खात्री मिळणार नाही. माझा बाप्तिस्मा लागू आहे का, हे कळायला मला पाळकाच्या पाळकाच्या पाळकाची चौकशी करावी लागेल. उत्तर आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टिन याने पुढे यावर उत्तर दिलं ते आजही कॅथलिक आणि बहुतेक प्रोटेस्टंट मानतात: बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्या माणसाचा नाही. येशूच्या निदणाच्या (तणाच्या) दाखल्यात शेतातला गहू आणि निदण कापणीपर्यंत एकत्र वाढतात, हा दाखलाही त्याने या वादात वारंवार वापरला. तुमच्या मंडळीतल्या घोटाळ्यामुळे तुमचा बाप्तिस्मा, तुमची तिथली प्रार्थना, तिथे शिकलेलं वचन, यातलं काहीही खोटं झालेलं नाही. गटाचे लोक तुम्हाला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सांगतील, तेव्हा हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता शिकवणीकडे येऊ. पाखंडी मतं आली आणि चर्चने ती सहज परतवून लावली, असं चित्र रंगवलं जातं. एकेकदा झालंही तसं. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा श्रीमंत माणूस रोमच्या मंडळीत आला. त्याने दोन लाख सेस्तर्सची (रोमन नाण्यांची) देणगी दिली, आणि मग शिकवू लागला की जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. १४४ च्या सुमारास मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि त्याचे पैसेही परत केले, असं कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यान सांगतो. देणगीदाराचे पैसे परत करणारी मंडळी! तुमच्या प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर ही बाब तुम्हाला वाचनीय वाटेल.

पण चौथ्या शतकातला अरियसचा वाद एवढा सोपा नव्हता. पुत्र हा निर्माण केला गेला, तो अनादि नाही, असं अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरियस म्हणत होता. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेने ते फेटाळलं आणि पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे असं ठरवलं. आमची पाठ्यपुस्तकं इथे पूर्णविराम देतात. खरं भांडण इथून पुढे सुरू झालं. सम्राट कॉन्स्टँटियस दुसऱ्या बाजूला झुकला. ३५९ मध्ये रिमिनीला पश्चिमेचे चारशेहून अधिक बिशप जमले आणि दडपणाखाली अखेर बहुतेकांनी निकियाचे शब्द गाळलेल्या मसुद्यावर सह्या केल्या. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याने नंतर लिहिलं की सगळं जग कण्हलं आणि आपण अरियसवादी झालो हे पाहून चकित झालं. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. ४५ वर्षांच्या कारकिर्दीतली सुमारे १७ वर्षं त्याने परागंदा होऊन काढली. निकियाची बाजू पक्की झाली ती ३८१ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत.

तेव्हा ३५९ च्या हिवाळ्यात कोणी मला विचारलं असतं, चर्च खरं राहिलं का, तर सह्या मोजून मी ‘नाही’ म्हणालो असतो. मग ते टिकलं कुठे? थोड्या बिशपांत, वाळवंटातल्या संन्याशांत, आणि बऱ्याच अंशी साध्या लोकांत, जे बाप्तिस्म्याच्या वेळी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं नाव घेत होते आणि येशूची आराधना करत होते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज कॅथलिक धर्मगुरू न्यूमनने हा मुद्दा मांडला तेव्हा त्याच्यावर त्याच्याच चर्चमधल्या वरिष्ठांची खप्पामर्जी झाली होती. मला तो पटतो. विश्वास टिकवण्याचं काम दर वेळी पदाधिकाऱ्यांनीच केलं असं नाही.

शिकवणीचा गाभा टिकला, हे कशावरून म्हणतो? एकाच हस्तलिखिताच्या नकला वेगवेगळ्या गावी, एकमेकांशी संबंध न ठेवता होत राहिल्या आणि हजार वर्षांनी ताडून पाहिल्यावर मजकूर तोच निघाला, तर मूळ मजकूर काय होता याची आपल्याला चांगली खात्री वाटते. चर्चच्या बाबतीत असंच काहीसं घडलं आहे. पर्शियातल्या पूर्वेकडच्या चर्चने ४१० मध्ये निकियाचा विश्वासांगीकार स्वीकारला आणि नंतर ते रोमच्या साम्राज्यातल्या चर्चपासून तुटलं. कॉप्टिक चर्च ४५१ नंतर तुटलं. या मंडळ्यांचे राजे वेगळे, भाषा वेगळ्या, उपासना वेगळी. एकमेकांना पाखंडी म्हणण्यात कोणी कसूर केली नाही. तरी त्रैक्य, देहधारण, पुनरुत्थान, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन सगळ्यांकडे राहिलं. १९७३ मध्ये पोप पॉल सहावे आणि कॉप्टिक पोप शेनूदा तिसरे यांनी, आणि १९९४ मध्ये जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेकडच्या अॅसिरियन चर्चचे मार दिन्खा चौथे यांनी ख्रिस्ताविषयी संयुक्त निवेदनांवर सह्या केल्या. पंधराशे वर्षांच्या अबोल्यानंतर सामायिक असं इतकं सापडावं, हे भ्रष्टाचाराने सगळं पुसून टाकल्याचं लक्षण नाही. सगळं तंतोतंत सारखं होतं असंही नाही बरं का. पेशिट्टा या सिरियाक भाषेतल्या बायबलात मुळात नव्या कराराची २२ पुस्तकं होती. नेमक्या २७ पुस्तकांची आज उपलब्ध असलेली पहिली यादी ३६७ सालच्या अथनेशियसच्या पत्रातली आहे. त्या गटाला एवढंच विचारा: चर्च प्रेषितांबरोबरच बुडालं असेल, तर चौथ्या शतकातल्या बिशपाची यादी तुमच्या हातातल्या बायबलात कशी काय?

आता तुमच्या मित्राकडे वळतो. त्याचं म्हणणं ऐकायला सोज्वळ वाटतं, पण मला ते अधिक धोक्याचं वाटतं. पापी पोपांची यादी त्याच्यापुढे ठेवून उपयोग नाही. तो ‘माणसं चुकली’ म्हणून मोकळा होईल, आणि त्यात तथ्यही आहे. बोर्जिया घराण्यातल्या पोप अलेक्झांडर सहाव्याला मुलं होती, पण पोपने मुलं जन्माला घालावीत असं त्याने शिकवलं नाही. पाप आणि पापाचं समर्थन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हीच माझी मुख्य कसोटी. या कसोटीवर चर्चचा सर्वांत मोठा डाग कोणता म्हणाल, तर मी बोर्जिया घराण्याकडे जात नाही. मी पुन्हा ऑगस्टिनकडेच जातो.

३८५ च्या सुमारास ट्रियर इथे प्रिसिलियन नावाच्या स्पॅनिश बिशपाचा शिरच्छेद झाला. फिर्यादी बिशपच होते. तूरच्या मार्टिनने त्याचा जीव वाचवण्यासाठी सम्राटाची विनवणी केली होती, आणि फिर्यादी बिशपांबद्दल त्याला घृणा वाटली. म्हणजे तेव्हा विवेक जागा होता. डोनाटिस्टांशी वाद घालताना ऑगस्टिनही आधी म्हणत होता की कुणावर जबरदस्ती नको. मग ४०८ च्या सुमारास एका पत्रात त्याने आपलं मत का बदललं ते लिहिलं: शाही कायद्याच्या धाकाने त्याचं स्वतःचं गावच डोनाटिस्ट पंथातून परत आलं होतं. उपाय लागू पडला, म्हणून तो योग्य ठरला! आणि लूकच्या मेजवानीच्या दाखल्यातलं ‘आत येण्यास भाग पाड’ हे वाक्य त्याला आधाराला मिळालं. ऑगस्टिन मृत्युदंडाच्या विरुद्ध होता, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. पण शास्त्राचा आधार एकदा मिळाल्यावर पुढच्यांनी तिथे थांबण्याचं काही कारण नव्हतं. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने दोषी ठरवल्यावर बोहेमियाचा सुधारक यान हुस याला जाळलं गेलं, आणि तेही राजा सिगिस्मुंडच्या अभयपत्रावर आलेल्या माणसाला. एकाच वेळी पोपपदावर हक्क सांगणाऱ्या तिघांचा घोळ मिटवून चर्च वाचवणारी परिषद हीच, हे विसरू नका. आम्ही प्रोटेस्टंट काही निराळे निघालो नाही. १५२७ मध्ये झुरिकने फेलिक्स मान्त्सला लिमात नदीत बुडवून मारलं, कारण तो प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देत होता.

कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. त्यात म्हटलं आहे की चर्चच्या इतिहासात सुवार्तेच्या आत्म्याला न शोभणारं वर्तन कधी कधी घडलं, पण कुणावर विश्वासाची सक्ती करू नये ही शिकवण कायम राहिली. पहिला भाग प्रामाणिक आहे. दुसरा माझ्या घशाखाली उतरत नाही. ज्याने कधी बाप्तिस्माच घेतला नाही त्याच्यावर सक्ती नको, हे खरोखरच शिकवलं जात होतं; पण बाप्तिस्मा घेऊन वेगळी वाट धरणाऱ्याला धाकाने परत आणणं रास्त आहे, हेही शेकडो वर्षं शिकवलं गेलं, आणि शिकवणारे चर्चचे थोर आचार्य होते. कॅथलिक सहकाऱ्यांशी माझा यावर वाद होतो आणि त्यांच्याकडेही मुद्दे आहेत. तरीही ‘चर्च चुकलं नाही, माणसं चुकली’ हे वाक्य इथे पुरं पडत नाही, असंच माझं मत आहे.

एवढ्यात हाती आलं ते असं. गाभा टिकला, पण तो टिकवताना चर्च अनेकदा चुकीच्या बाजूला उभं होतं, कधी बहुमताने. चुका निस्तरणारी माणसं बहुतेक वेळा त्याच चर्चमधून आली, आणि त्यांच्यातल्या काहींना त्याच चर्चने छळलं. दुरुस्ती उशिरा आली. हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल १९९९ मध्ये पोपने खेद व्यक्त केला. लूथरन जागतिक महासंघाने मेनोनाइटांची, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्या त्या लोकांच्या वारसांची क्षमा २०१० मध्ये मागितली. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. या सगळ्यातून मत्तयातलं वचन ‘सिद्ध’ होतं का? नाही. इतिहास सातत्य दाखवू शकतो, दुरुस्ती दाखवू शकतो. त्यामागे ख्रिस्ताचा हात आहे हे म्हणणं विश्वासाचं आहे, आणि मी ते विश्वासाने म्हणतो.

तुमच्या मंडळीचं म्हणाल, तर तपशील माहीत नसताना राहा किंवा सोडा असं मी सांगणार नाही. फक्त पैसे कोणी खाल्ले यापेक्षा, त्यानंतर व्यासपीठावरून काय बोललं गेलं ते नीट ऐका. चोरीला चोरी म्हटलं गेलं, हिशेब तपासायला बाहेरचा माणूस बोलावला गेला, ज्यांनी तक्रार केली त्यांना मंडळीत मान राहिला, तर ती आजारी पण जिवंत मंडळी आहे. तिथे राहून काम करण्यासारखं आहे. पण ‘अभिषिक्तावर बोट उगारू नका’, ‘प्रश्न विचारणारा सैतानाचं काम करतो’ अशी वचनं शोधून प्रवचनं सुरू झाली असतील, तर पापाच्या रक्षणासाठी शिकवण वाकवली जाते आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत लेखापरीक्षणाचा अहवाल लेखी मागा, दोन-तीन वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन मागा. तो नाकारला गेला, आणि वचनाचा आधार देऊन नाकारला गेला, तर दुसरी मंडळी शोधायला लागा. तुम्हाला भेटलेल्या गटात मात्र जाऊ नका. आणि जाणारच असाल, तर त्यांच्याही हिशेबाची वही आधी पाहून घ्या.